ट्रेमधल्या मातीला वास का नाही

मामा घरी आले होते तेव्हा खिडकीपाशी माझे रोपांचे ट्रे मांडलेले होते, टोमॅटो दोन खऱ्या पानांवर आलेला, मिरची अजून नुसत्या बीजदलांवर, म्हणजे बीतूनच निघणाऱ्या पहिल्या पानांवर. मामा आयुष्यभर शेतीत राबलेले, त्यामुळे ते ट्रेकडे जाणार हे ठरलेलंच. वाकले, एका रिकाम्या कप्प्यातलं चिमूटभर मिश्रण उचललं, अंगठ्याने तळहातावर चोळलं आणि नाकाशी नेलं. कुठलीही माती हातात आली की ते हेच करतात, मी लहानपणापासून बघत आलेय. मग हात झटकत म्हणाले, "अगं, ह्याला वासच नाही गं." बस, एवढंच. तक्रार नव्हती, टोमणा तर नव्हताच. रोपं चांगली आहेत म्हणाले, पाणी वरून देतेस की खालून ते विचारलं, आणि गप्पा दुसरीकडे वळल्या.

पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

ते गेल्यावर मी पण ओंजळभर मिश्रण घेऊन नाकाशी धरलं. ओल्या काथ्याचा पुसटसा वास होता, तोही मुद्दाम शोधला म्हणून सापडला. कुदळ मारल्यावर जमिनीतून जो वर येतो तो वास नव्हताच. आणि मला वाईट वाटलं. मिश्रण मीच ठरवलेलं, त्यामागची कारणं मला पाठ आहेत, रोपं समोर जोमात उभी आहेत, तरी वाईट वाटलं. बी रुजवणं म्हणजे मातीत हात घालणं ही माझ्या मनातली जुनी जोडी आहे, आणि इथे मी हात घालत होते नारळाच्या सोडणाच्या भुशात आणि भट्टीत फुगवलेल्या ज्वालामुखीच्या काचेत. हे बरोबर आहे हे डोक्याला कळतं, हाताला पटत नाही, असं काहीतरी झालं होतं.

तो वास येतो कुठून हे मला माहीत होतं, पण ह्या निमित्ताने त्याचा नीट विचार केला. जिओस्मिन नावाचं एक रसायन आहे, १९६५ मध्ये त्याला हे नाव मिळालं, आणि ते तयार करतात मातीतले सूक्ष्मजीव, मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस गटातले बॅक्टेरिया. आपलं नाक ह्या एका वासाच्या बाबतीत कमालीचं तीक्ष्ण आहे, पाण्यात अब्जात एक भागाहूनही कमी असला तरी पकडतं. २०२० मध्ये आलेल्या एका संशोधनात दिसलं की स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक उड्या मारणारे जीव ह्या वासाकडे ओढले जातात, ते बॅक्टेरिया खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून, विष्ठेतून इकडेतिकडे पसरवतात. म्हणजे मामा जेव्हा माती हुंगतात तेव्हा त्यांचं नाक विचारत असतं की इथे कुणी राहतं का. आणि माझ्या ट्रेचं उत्तर होतं, जवळजवळ कुणीच नाही. मला ते तसंच हवं होतं, आणि हेच बोचत होतं.

आता बागेतली चांगली, वासाची, काळीभोर माती चाळून ट्रेमध्ये का भरायची नाही? लोक नेहमी म्हणतात की ती जड असते, दाबून बसते, आणि ते खरंच आहे, पण माझ्या मते खरं कारण पाण्याच्या वागण्यात आहे आणि ते कुणी नीट समजावून सांगत नाही. आपण ट्रेला पाणी देतो, जादाचं पाणी खालच्या भोकातून निघून जातं आणि आपल्याला वाटतं झाला निचरा. पण तळाशी एक थर चिंब ओला राहतोच, भोकं कितीही मोठी असली तरी. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात, आणि त्या चिंब थराची उंची ठरते पोकळ्या किती बारीक आहेत त्यावर, भांडं किती खोल आहे त्याचा तिथे काही संबंध नसतो. हातभर खोल कुंडीत तळाचा चार बोटं भाग चिंब असला तरी काही बिघडत नाही, वर मुळांना भरपूर जागा असते. ट्रेचा कप्पा मुळात चार-पाच सेंटीमीटर खोल. त्यात तीच माती भरली की जवळजवळ अख्खा कप्पा म्हणजे तो चिंब थरच. घरातला स्पंज घ्या, पाण्यात बुडवून आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत थांबा, मग तोच उभा करा, लगेच आणखी पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची वाढली. तळाशी खडे घालून निचरा वाढतो ही समजूतही इथेच कोसळते, कारण खड्यांमुळे तो चिंब थर नुसता वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी कमी होते.

शेतात हीच माती उत्तम वागते कारण तिच्याखाली आणखी माती असते, आणि तिच्याखाली आणखी, पाण्याला खाली ओढणारा सलग खांब असतो तो. हे लक्षात आल्यावर मला फार बरं वाटलं होतं. मातीत खोट काही नाही, तिची खोली आपण काढून घेतो.

आणि बीला त्या दिवसांत लागते हवा. पाणी शोषून फुगलेलं बी जोरात श्वास घ्यायला लागतं, आणि ऑक्सिजन पाण्यातून सरकतो तो हवेच्या मानाने साधारण दहा हजार पट हळू. चिंब कप्प्यातलं बी कुजतं ते पाणी जास्त झालं म्हणून नव्हे तर हवा पोचली नाही म्हणून, वरचा पापुद्रा कोरडा दिसत असताना खाली हे चाललेलं असतं आणि माणूस आणखी पाणी घालतो. त्यामुळे ट्रे आणि मिश्रण ह्या दोन वेगळ्या खरेद्या आहेत असं मी मानतच नाही. उथळ ट्रे घेतला की मिश्रण जास्त मोकळं लागतं, खोल घेतला की थोडं जड चालतं. ह्यातलं एक ठरवल्याशिवाय दुसरं ठरवता येत नाही.

ट्रे बघताना मी म्हणूनच आधी खोली बघते, मग कप्प्यांची संख्या. बाजारात जो ट्रे सगळीकडे दिसतो तो ढोबळमानाने दहा बाय वीस इंचाचा, आणि त्याच जागेत ५०, ७२, ९८, १२८, २०० असे कप्पे पाडलेले असतात. म्हणजे आकडा वाढला की प्रत्येक रोपाच्या वाटची जागा कमी. ७२ वाल्यात एका कप्प्यात साधारण ४० ते ५० मिली मिश्रण बसतं, १२८ मध्ये जवळपास त्याच्या निम्मं. नर्सरीवाल्यांना जास्त कप्प्यांचा ट्रे परवडतो कारण त्यांच्याकडे दिवसातून दोन-तीनदा पाणी द्यायला माणूस असतो आणि रोप ठरल्या दिवशी बाहेर पडतं. घरी तसं होत नाही. घरी पाऊस लांबतो, वाफा तयार नसतो, आपण चार दिवस गावाला जातो, आणि रोप कप्प्यात अडकून पडतं. म्हणून घरासाठी मी ७२ च्या पुढे सहसा जात नाही, लेट्यूस सोडून. टोमॅटो, वांगी, मिरची ७२ मध्ये, आणि काकडी-भोपळ्याच्या जातीचं काहीही असेल तर ५० किंवा सुटे खोल कप, कारण त्यांची मुळं हलवलेली त्यांना खपत नाहीत आणि त्यांचं बी झरझर वाढतं.

संख्येनंतर कप्प्याचा आकार. आतून गुळगुळीत आणि गोल कप्पा मला आवडत नाही, मूळ भिंतीला लागलं की गोल गोल फिरत राहतं आणि पुढे जमिनीत गेल्यावरही ते वळण सोडत नाही. खाली निमुळता होत जाणारा, चौकोनी, आतून उभ्या कडा असलेला कप्पा मुळाला खाली पाठवतो. आणि तळाचं भोक मोठं हवं, पेन्सिलचं टोक घालून रोप वर ढकलता येईल इतकं तरी. असा ट्रे दोन पट्ट्यांवर उचलून ठेवला, खाली हवा खेळती राहिली, की भोकापाशी आलेलं मुळाचं टोक हवेत सुकतं, तिथेच थांबतं, आणि मागे बाजूची मुळं फुटतात. मला हा सगळ्या प्रकारातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. कात्री नाही, औषध नाही, नुसती खालून हवा, आणि आठवडाभरात मुळांची इतकी दाट जाळी होते की रोप काढताना मिश्रणाचा कणही सांडत नाही. तोच ट्रे सपाट, पाणी साचलेल्या थाळीत बसवून ठेवला तर ही मुळं थाळीत पसरतात आणि काढताना तुटतात.

पातळ, पानासारखे लवचिक ट्रे मात्र घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत. ओला ट्रे एका हाताने उचलला की तो मध्ये वाकतो, आणि वाकला की आतले सगळे गोळे एकदम हलतात, कोवळी मुळं आतल्या आत तुटतात, वरून काहीच दिसत नाही. शिवाय ते एका हंगामात फाटतात, आणि काळ्या प्लास्टिकचं एक वेगळंच दुखणं आहे, त्यात रंगासाठी घातलेलं कार्बन ब्लॅक इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतं त्यामुळे कचरा वेगळा करणाऱ्या यंत्रांना ते प्लास्टिक ओळखूच येत नाही. जाड ट्रे घ्यावा, हंगाम संपला की साबणाने घासावा, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवावा, धुवावा, सावलीत ठेवावा. उन्हात पडलेला ट्रे ठिसूळ होतो. माझ्याकडचे काही इतके जुने आहेत की त्यांच्या कडांवर खुणेसाठी लिहिलेली जुन्या वाणांची नावं एकावर एक चढलीयत, वाचता येत नाहीत, पण फेकवतही नाहीत. अंड्याची टरफलं, कागदी पुड्या वगैरे करून बघायला छान, पण टरफलात जागाच नसते, आणि कागदी किंवा पीटच्या, म्हणजे दलदलीत साठलेल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या, कुंडीचा काठ मातीच्या वर उघडा राहिला तर तो वातीचं काम करून ओल उडवून टाकतो, तेवढा काठ फाडूनच लावायची.

मिश्रणाकडे वळलं की माझं मन परत दोन्हीकडे होतं.

पीट मॉस हातात घेतलं की इतकं मऊ, इतकं एकसारखं लागतं की का सगळं जग त्याच्या मागे लागलं ते कळतं. पण दलदलीत ते साठतं वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे पाच सेंटीमीटरच्या कप्प्यात ढोबळ हिशोबाने पन्नास वर्षांची साठवण, आणि आपण ती सहा आठवड्यांच्या रोपासाठी वापरणार. पृथ्वीच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्केच भाग अशा पीटच्या दलदलींचा आहे आणि तरी जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडाझुडपांहून जास्त कार्बन तिथे साठलाय. हे वाचल्यापासून मला ते घेववत नाही. कोकोपीट त्यामानाने सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा, नाहीतर ढीग पडून राहिला असता असा. ६५० ग्रॅमची वीट पाण्यात टाकली की आठ-नऊ लिटर होते, ती फुगताना बघत बसायला मला अजून आवडतं, कोपऱ्यांपासून पापुद्रे सुटत जातात आणि पाणी चहाच्या रंगाचं होतं. ते चहाच्या रंगाचं पाणी मात्र ओतून द्यायचं. सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात मुरवलेली असतात, भुशात सोडियम आणि पोटॅशियम घट्ट धरलेलं असतं, आणि कोवळ्या मुळाला मीठ सोसत नाही. नुसतं धुऊन वरचं मीठ जातं, आतलं धरून ठेवलेलं काढायला कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवावं लागतं, त्यालाच बफर केलेलं म्हणतात. पाकिटावर धुतलेलं, बफर केलेलं, लो ईसी (म्हणजे क्षार कमी) असं काही लिहिलेलं नसेल तर मी ते बीसाठी घेत नाही, मोठ्या कुंड्यांना चालेल.

परलाइट म्हणजे ज्वालामुखीची काच, तिच्यात थोडं पाणी अडकलेलं असतं, ८५०–९०० अंश सेल्सिअसला तापवली की त्या पाण्याची वाफ होते आणि खडा फुगून पांढराशुभ्र हलका होतो. तो हवा देतो, बाकी काही नाही. व्हर्मिक्युलाइट अभ्रकासारखं पापुद्र्यांचं खनिज, तेही तापवून फुगवलेलं, पण ते पाणीही धरतं आणि अन्नद्रव्यंही. दोन्ही ओतण्याआधी पाणी शिंपडून घ्यायचं, कोरडी धूळ छातीत जाऊ द्यायची नाही. माझं प्रमाण साधारण तीन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट, एक व्हर्मिक्युलाइट, आणि ट्रे उथळ असेल तर परलाइट थोडं वाढवते. मिश्रण आधी भिजवून मुठीत दाबायचं, दोन-चार थेंब पडले की झालं, धार लागली तर जास्त. कप्पे भरताना बोटाने ठासायचं नाही, ट्रे एकदा जमिनीवर आपटला की पुरे.

ह्या सगळ्याच्या मागे एक गोष्ट आहे जी मला फार जवळची वाटते. १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल हे दोघं वैतागलेले होते, प्रयोगासाठी लावलेली प्रिम्युला नावाच्या फुलझाडाची रोपं कधी जगायची कधी मरायची. तोवर प्रत्येक माळ्याचं आपलं गुपित मिश्रण असायचं, झाडागणिक वेगळं. त्या दोघांनी ते सगळं मोडीत काढलं आणि बीसाठी एकच सांगितलं, दोन भाग गाळाची पोयट्याची माती, एक भाग पीट, एक भाग जाड वाळू, त्यात थोडं सुपरफॉस्फेट आणि खडूची पूड. मातीला वाफ द्यायची, बाकीच्यांना नाही. मला आवडतं ते हे की त्यांनी माती टाकून दिली नाही. तिच्यातला रोग काढला, तिला मोकळं केलं, आणि ठेवली. पुढे १९६० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात बूडली आणि शेल्ड्रेक ह्यांनी पीट, व्हर्मिक्युलाइट, परलाइटचं बिनमातीचं मिश्रण बसवलं, ते हलकं, प्रत्येक पोत्यात सारखं, यंत्रात भरता येणारं, आणि आज आपण घरी जे करतो ते त्याच वळणाचं. मधल्या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या केनेथ बेकर ह्यांनी दाखवलं की माती उकळून मारायची गरज नाही, ओलसर माती ६० अंशाला अर्धा तास ठेवली की रोग आणणाऱ्या बहुतेक बुरशी जातात आणि उपयोगाचे काही जीव वाचतात. फार तापवली तर उलट मँगनीज आणि अमोनिया सुटून रोपांना बाधतं.

कारण राहतं कोण, हाच तर प्रश्न आहे. रोपं कोलमडताना ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको, रात्री सरळ उभं असलेलं रोप सकाळी मातीलगत चिमटल्यासारखं बारीक होऊन आडवं पडलेलं, पानं अजून हिरवी. पिथियम, रायझोक्टोनिया, रोपं कोलमडवणारी ही बुरशीसारखी मंडळी पण त्याच सुवासिक मातीतच राहतात. पिथियमचे बीजाणू तर पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात, चिंब कप्पा म्हणजे त्यांना वाट मोकळी. पण निर्जंतुक मिश्रण म्हणजे सुरक्षित असंही नाही, रिकाम्या घरात जो पहिला शिरेल त्याचं राज्य, न धुतलेल्या ट्रेमधून पिथियम आला तर त्याला अडवायला आत कुणीच नसतं. म्हणून मी ट्रायकोडर्मा ही उपयोगाची बुरशी मिसळते. म्हणजे वास घालवायचा, आणि मग हाताने एक रहिवासी परत आणून बसवायचा.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं, जिओस्मिनपासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग खत कधी घालतेस?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. बीजदलांत स्वतःची शिदोरी असते, खरी पानं येईपर्यंत रोपाला बाहेरचं काही लागत नाही, उलट मिश्रणात खत जास्त असलं की क्षारांमुळे उगवणच खुंटते. म्हणून गांडूळखत मी चाळून, फार तर दहावा हिस्सा. खरी पानं दिसली की पाव ताकदीचं पातळ खत पाण्यातून, आणि कोकोपीट असेल तर त्यात कॅल्शियम हवंच, कारण तो भुसा येईल तो कॅल्शियम आधी स्वतःकडे ओढतो. "म्हणजे माती जे आपणहून देते ते तू हाताने मोजून देतेस," मामा म्हणाले. मी हो म्हटलं. ह्याला दुसरं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते मोजणं मला आवडतं हेही तितकंच खरं.

बी झाकायला मात्र मी मिश्रण वापरत नाही, बारीक व्हर्मिक्युलाइट भुरभुरते, बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. ते पापडी धरत नाही आणि थोडा प्रकाश आत जाऊ देतं. लेट्यूससारख्या बीला प्रकाश लागतो, १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या शेती संशोधन केंद्रात बॉर्थविक आणि हेंड्रिक्स ह्यांच्या गटाने लेट्यूसच्याच बीवर दाखवलं की लाल प्रकाशाने ते उगवतं आणि लालच्या पलीकडच्या प्रकाशाने थांबतं, शेवटचा जो पडेल तो ठरवतो. एका ट्रेमध्ये चार जाती पेरायचा मोह इथेच आवरावा, लेट्यूस तीन दिवसांत वर येतं, मिरची दोन आठवडे घेते, ट्रेवरचं झाकण एकासाठी काढायचं असतं आणि दुसऱ्यासाठी ठेवायचं असतं. मी ट्रे कापून पट्ट्या करते, जातीगणिक एक पट्टी.

मग रोप बाहेर जातं, आणि बिनमातीच्या गोळ्याला पहिल्यांदा माती भेटते. ह्या जागी पुष्कळ रोपं मरतात. जमिनीची बारीक माती त्या भरड गोळ्यातलं पाणी ओढून घेते, वाफा ओला दिसतो आणि गोळा आतून कोरडा ठणठणीत. त्यामुळे लावण्याआधी गोळा पाण्यात बुडवून घ्यायचा, थोडा खोल बसवायचा, वरून बोटभर मातीने पूर्ण झाकायचा, आणि मुळं बाहेर निघेपर्यंत पाणी खोडाशीच द्यायचं.

ह्या वेळी मी एक खोल लाकडी खोकं वेगळं काढलंय, पंधरा सेंटीमीटरचं. त्यात लॉरेन्स-न्यूवेलचं दोन-एक-एक करणार आहे, पीटच्या जागी कोकोपीट घेऊन, माती ६० अंशाला अर्धा तास ठेवून, थर्मामीटर मध्यभागी खोचून. कांदा आणि कोबी त्यात, कारण त्यांना दाटीवाटी चालते आणि एवढ्या खोलीत मातीला तिच्या मनासारखं वागता येतं. टोमॅटो-मिरची ट्रेमध्येच, भुशात. काकडीचं बी अजून पाकिटात आहे, तिच्यासाठी खोल कप हवेत, निमुळते, मोठ्या भोकाचे, ते मिळाले की पेरीन.